दसऱ्याच्या पितळेत गेलेला दिवा

माझी धाकटी सून शाळेत शिक्षिका आहे. मागच्या महिन्यात तिला चार दिवसांच्या वर्गाला पाठवलं होतं. वर्गात टीव्ही आणि टेपरेकॉर्डर कसा वापरायचा ते शिकायला. आली ती वही भरून, तोंड भरून बोलत. मी म्हटलं, "मग आता दाखवतेस का पोरांना काही?" तर म्हणाली, "नाही हो आई. टीव्ही हेडमास्तरांच्या खोलीत कपाटात आहे, किल्ली त्यांच्याकडं. वर लोकरीचं विणलेलं झाकण घातलंय. दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं, हार घातला. लावायचा म्हटलं की म्हणतात, बिघडला तर जबाबदार कोण?"

मी शेंगा फोडत बसले होते. टोपलं असं आपटलं की दाणे उंबऱ्याबाहेर गेले. सून घाबरली. तिला वाटलं, मी तिच्यावरच चिडले. तिच्यावर कशाला चिडू? माझा राग चाळीस वर्षांचा आहे. इतक्या वर्षांत तो निवला असेल असं वाटत होतं. निवलेला नाही, जसाच्या तसा आहे. म्हणून लिहायला बसले. मला लिहिता येतं ते बोलल्यासारखंच येतं, ते चालवून घ्या. मी शाळेत जाऊन शिकलेली नव्हे. भावाची पुस्तकं तो खेळायला गेला की वाचायची, असं करत फायनलची म्हणजे सातवीची परीक्षा बाहेरून दिली आणि पास झाले. मग गावच्या मुलींच्या शाळेत बाई म्हणून लागले.

ते लढाईचे दिवस होते. आमचं गाव विट्याच्या अलीकडं. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता, सांगली संस्थानात होती. माझे यजमान लामावर गेलेले. आमच्याकडं लढाईला लामच म्हणत. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

यजमानांचं एक पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं की, पलटणीत आम्हाला भिंतीवर चित्रं दाखवून शिकवतात. डास कुठं अंडी घालतो, नकाशा कसा बघायचा, सगळं चित्रात. आणि ते यंत्र चालवायला आमच्यातल्याच एका गड्याला शिकवलं, तीन दिवसांत शिकला. हा गडी लामावर जायच्या आधी मोटारीत बसलेला नव्हता. ते पत्र मी किती वेळा वाचलं असेल! मी शिकवत होते सही करताना अडखळणाऱ्या बायांच्या पोरींना. त्यांना नदी काढून दाखवायची तर जमिनीवर रांगोळीनं, आगगाडी काढायची तर फळ्यावर खडूनं, आणि खडूही मोजकेच मिळायचे.

आणि त्याच साली शाळांच्या बोर्डाचं पत्र आलं. सातारला दहा दिवसांचा वर्ग आहे, मॅजिक लँटर्न म्हणजे चित्राचा दिवा वापरून शिकवायचं कसं, ते मास्तरांना शिकवणार. गावातनं दोघांनी जायचं. मुलग्यांच्या शाळेचे हेडमास्तर आणि मी.

मला रात्रभर झोप नाही, आनंदानं. आत्याबाई म्हणाल्या, "एकटी जातीस व्हय सातारला? लोकं काय म्हनतील? मी बी येती." आणि आल्या. तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशावर चालायच्या. मागं ही मोठी टाकी, तिच्यात कोळसा पेटवायचा. चढ आला की उतारूंनी उतरायचं. आत्याबाई प्रत्येक चढाला खाली उतरून ड्रायव्हरला सांगायच्या, "बाबा, माझ्या जात्याला बी यापक्षा जोर हाय." आम्ही सातारला त्यांच्या मावसबहिणीकडं उतरलो.

वर्ग एका हायस्कुलात होता. शिकवायला पुण्याहून एक साहेब आले होते. आम्ही तीसेक मास्तर आणि पाच बाया. पहिल्या दिवशी साहेबांनी दिव्यावरचं फडकं काढलं. काळी पत्र्याची पेटी, वर धुराडं, पुढं पितळेची नळी आणि नळीच्या तोंडाला फुगीर भिंग. पेटीत रॉकेलचा दिवा. नळीच्या मागं एक फट, तिच्यातनं लाकडी चौकट सरकवायची आणि चौकटीत चित्राची काच. खोली अंधारी केली, वात वर केली आणि समोरच्या पडद्यावर डास उमटला. बैलाएवढा!

आत्याबाई व्हरांड्यात खिडकीच्या फटीला डोळा लावून उभ्या. त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आगं बया! ह्यो चावतोय व्हय आपल्याला?"

सगळा वर्ग हसला. साहेब काही हसले नाहीत.

दुपारी त्यांनी कामं वाटली. मास्तरांनी आळीपाळीनं दिवा पेटवायचा, काचा घालायच्या, नळी मागंपुढं करून चित्र नीट आणायचं, पाठ घ्यायचा. आणि बायांनी? बायांनी पडद्याला काठ शिवायचे. तक्त्यांना मागनं खळ लावून कापड चिकटवायचं. आणि काचा पुसायच्या.

मी उभी राहिले. उभं राहायला धीर लागला हो, आता सांगताना सोपं वाटतं. म्हटलं, "साहेब, दिवा आम्ही कधी लावायचा?"

साहेब म्हणाले, "बाई, हे यंत्र आहे. चूल नव्हे."

मास्तर मंडळी खो खो हसली. आमचे हेडमास्तर सगळ्यांत जोरात. संध्याकाळी आत्याबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चूल तरी पेटवाय येती का त्येला, इचारायचं हुतंस."

मग काय, पुसत बसले काचा. पण डोळे कुणी बांधले नव्हते माझे. काच पुसता पुसता मी बघत होते मास्तर काय करतात ते. दिव्यात काच उलटी घालावी लागते, खालची बाजू वर, तेव्हा पडद्यावर सुलटी येते. शिवाय पुढची बाजू कुठली नि मागची कुठली तेही बघावं लागतं, नाहीतर अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. आमच्या हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी आगगाडीचं इंजिन चाकं आकाशाकडं करून चालवलं. दुसऱ्या दिवशी गाय पाय वर करून चरत होती. चौथ्या दिवशीसुद्धा तेच. अंधारात काचेचं तोंड कुठलं ते कळणार कसं?

मी रात्री विचार केला आणि सकाळी डिंकाच्या पाण्यात कुंकू कालवून नेलं. प्रत्येक काचेवर चित्राच्या बाहेर, कोपऱ्यात, एक टिकली लावली. अशा ठिकाणी की काच दिव्यात घालताना उजव्या हाताचा अंगठा बरोबर त्या टिकलीवर आला पाहिजे. आला म्हणजे काच बरोबर. त्या दिवसापासून एकही गाय उलटी चरली नाही.

साहेबांनी ते बघितलं. मास्तरांना म्हणाले, "मी काचांवर खुणा करवून घेतल्या आहेत." करवून घेतल्या म्हणे!

दिवा धूर फार करायचा. चार काचा दाखवल्या की भिंगावर काजळी आणि मास्तर खोकतायत. आत्याबाई खिडकीतनं मला खुणावत होत्या. जेवणाच्या सुट्टीत म्हणाल्या, "वात चौकोनी कापलीया त्यांनी. कोपरं उडीव की, गोल कर. समईच्या वातीचं बी तसंच की." मी पडदा शिवायच्या कात्रीनं वातीचे दोन्ही कोपरे उडवले. दुपारी एवढासुद्धा धूर नाही. साहेब म्हणाले, "आज रॉकेल चांगलं मिळालेलं दिसतं."

शेवटच्या दिवशी दाखले वाटले. मास्तरांच्या दाखल्यावर लिहिलेलं: यंत्र चालवून पाठ घेण्यास लायक. बायांच्या दाखल्यावर लिहिलेलं: साहित्याची निगा राखण्यास लायक.

मी तो कागद साहेबांच्या टेबलावर परत ठेवला. म्हटलं, "मला हा नको. आमच्या गावाला दिवा मिळणार आहे ना, तो माझ्या पोरींनाही दाखवायचा आहे मला." साहेब कंटाळलेले, त्यांना पुण्याची गाडी गाठायची. त्यांनी कागदाच्या पाठीमागं चार ओळी लिहिल्या. तुमच्या भागाच्या शाळा तपासणाऱ्या डेप्युटींपुढं या बाईंनी दिव्यावर एक पाठ घ्यावा. पाठ पसंत पडला तर आठवड्यातले दोन दिवस दिवा मुलींच्या शाळेला द्यावा. पसंत पडला नाही तर तो मुलग्यांच्या शाळेतच राहील. एवढं लिहून सही केली.

मला एवढंच हवं होतं. मोटार चढावर थांबली तरी मी खाली उतरून गाणं म्हणत चालत होते.

दिवा गावात आला गणपती गेल्यावर. गवतात गुंडाळून, खोक्यातनं. खोकं हेडमास्तरांच्या नावावर. ते म्हणाले, शाळेत उंदीर आहेत, मी घरी ठेवतो. काचांची पेटी मात्र माझ्याकडं पाठवून दिली. निरोप काय? "पुसून ठेवणं बाईंचं काम आहे." मी हसले तेव्हा. आता वाटतं, देवानंच त्याला ती बुद्धी दिली.

दिपोटी दसऱ्यानंतर आठ दिवसांनी येणार असं कळलं. डेप्युटींना गावात सगळे दिपोटीच म्हणायचे आणि नुसतं नाव काढलं तरी मास्तर टोपी नीट करायचे. मी तयारीला लागले. सुताराकडनं दिव्यातल्यासारखी लाकडी चौकट करून घेतली आणि स्वयंपाकघरात डोळे मिटून काचा घालायचा सराव केला. टिकलीवर अंगठा, सरकव. टिकलीवर अंगठा, सरकव. रॉकेलचं असं होतं की ते माणशी मोजून मिळायचं, आणि हेडमास्तर म्हणाले, शाळेचं रॉकेल मुलींच्या शाळेसाठी नाही. तेव्हा आत्याबाईंनी महिनाभर घरात करडईच्या तेलाची पणती लावली आणि आमच्या वाट्याचं रॉकेल बाटलीत साठवलं. पणतीच्या उजेडात भाकरी थापताना त्यांचा हात दोनदा भाजला. "डास बगायचाय मला पुन्यांदा," म्हणायच्या.

आणखी एक जण वाट बघत होती. हेडमास्तरांची बायको. विहिरीवर भेटायची. माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान असेल. मला एकदा विचारलं, "बाई, तुमच्या त्या काचांत काय काय हाय?" मी सांगितलं, डास आहे, आगगाडी आहे, देवी टोचतात ते आहे, कापसाच्या बोंडापासून कापडापर्यंत सगळं आहे, कापडाची गिरणी आतनं कशी असते ते आहे.

तिनं घागर खालीच ठेवली. "गिरनी? आतनं? आवं, माझा भाऊ माधवनगरला गिरनीत हाय. साच्यावर कापड इनतोय. चार सालं झाली, एकदाच आला. म्हनतो, तिथं शेजारच्यानं वरडलेलं ऐकू येत न्हाई. मला बगायचं हाय त्यो कुठं उभा ऱ्हातोय."

मी म्हटलं, "दिपोटी येतील त्या दिवशी ये. गिरणीचा पाठच घेते मी." आणि खरंच तोच पाठ ठरवला.

दिव्याला एकदा हात लावून बघावा म्हणून मी हेडमास्तरांच्या घरी दोनदा गेले. दोन्ही वेळा ओट्यावरूनच परत. ते म्हणाले, "नवं यंत्र आहे. दसऱ्याला पूजा झाल्याशिवाय हात लावायचा नाही." आता पूजेला नाही कशी म्हणणार? आमच्याकडं दसऱ्याला नांगर पुजतात, तराजू पुजतात, न्हाव्याचा वस्तरा पुजतात. मी मान हलवून घरी आले. तिथं चुकले. अजून स्वतःला शिव्या देते त्याबद्दल.

दिपोटी आले ते टांग्यातनं, विट्याकडनं. आमची शाळा म्हणजे देवळामागची एक लांब खोली. तिच्या खिडक्यांना मी घोंगडी ठोकली होती, भरदुपारी आत काळोख. पोरी दाटीवाटीनं बसलेल्या, त्यांच्या आया मागं, कडेवर लेकरं. आत्याबाई पहिल्या रांगेत पोरींत. हेडमास्तरांची बायको दारापाशी, डोक्यावर पदर. हेडमास्तर दिवा लेकरासारखा छातीशी धरून घेऊन आले. फडकं काढलं.

पितळेची नळी अशी झळकली की दारातल्या उजेडात डोळे दिपले. पोरींनी "आऽऽ" केलं. मलाही क्षणभर बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

वात मी कोपरे उडवून आणली होती. पेटवली, पेटीत ठेवली, खोलीचं दार लोटून घेतलं. गिरणीची काच काढली. टिकलीवर अंगठा, सरकवली. पडद्याकडं बघितलं.

पडद्यावर काही नाही. म्हणजे उजेड होता, पण नासलेल्या दुधासारखा, मधेच तांबूस. नळी पुढं केली, मागं केली. दूध हललं, गिरणी काही येईना. दुसरी काच घातली. डास. तोही नाही. एक पोरगी म्हणाली, "बाई, धुकं पडलंय का तितं?" पोरी हसायला लागल्या. माझ्या कानांतनं वाफा निघत होत्या.

मी भिंगावरनं बोट फिरवलं. काच गुळगुळीत लागायला पाहिजे ना? जात्याच्या पाळूवरनं बोट फिरवल्यासारखं लागलं. कडेच्या खाचेत बोटाला काहीतरी चिकट आलं. दार किलकिलं करून उजेडात बघितलं. वाळलेलं कुंकू. आणि चिंचेचा एक दोरा.

मला तिथल्या तिथं सगळं कळलं. दसऱ्याच्या आधी घरोघर पितळ निघतं. घागरी, समया, तांबे, पराती, सगळं अंगणात ढीग घालून चिंच आणि राख लावून काथ्यानं घासायचं. त्या ढिगात हा दिवा गेला होता. नळी पितळेची, मग घासा. नळीच्या तोंडाचं भिंगसुद्धा राखेनं घासलेलं, आणि चिंचेचं पाणी आत दोन काचांच्या मधे जाऊन वाळलेलं. मग वर पूजेचं हळदकुंकू.

मी तोंड उघडणार तेवढ्यात हेडमास्तर बोलले.

"साहेब, मला सातारलाच ही शंका आली होती. ह्या बाई काचांना कुंकू लावतात. प्रत्येक काचेला. उष्णतेनं ते वितळून भिंगावर बसलं. बघा ना, कुंकूच आहे."

दिपोटींनी माझ्या हातातली काच घेतली. टिकली बघितली. भिंगाच्या कडेचं कुंकू बघितलं. "बाई, हे काय? यंत्राला कुंकू?"

मी दाराकडं बघितलं. हेडमास्तरांच्या बायकोनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. तिचे डोळे माझ्यावर होते. ते डोळे मी विसरलेली नाही. पितळ घासणारे हात कुणाचे ते तिलाही माहीत, मलाही माहीत. मी म्हटलं असतं, हा दिवा घरी घासला आहे, तर घरी गेल्यावर तिचं काय झालं असतं तेही आम्हा दोघींना माहीत. त्या घरातनं येणारे आवाज अर्धी आळी ऐकायची.

मी गप्प बसले.

आत्याबाई नाही बसल्या. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "आवं सायेब, कुकू इतळतंय व्हय कवा? माझ्या कपाळावर चाळीस वरीस हुतं, उनात भांगलायला जायची मी, कधी इतळून नाकावर आलं न्हाई. ते पितळ बगा. एवढं लखलखीत कशानं झालं? चिच्चा लावल्याबिगार पितळ असं हुतंय का? इचारा की त्यास्नी, महिनाभर दिवा कुनाच्या घरी हुता त्यो."

एक लेकरू तेवढं रडत होतं.

दिपोटींनी हेडमास्तरांकडं बघितलं. आता बघा हं, माणूस कसा असतो. तो गडबडला नाही, की खाली मान घातली नाही. हसला. म्हणाला, "असेल साहेब. घरातल्या मंडळींनी भांड्यांबरोबर घासला असेल. बायकांना काय कळतं, यंत्र कुठलं नि तांब्या कुठला."

आणि दिपोटीही हसले.

शेरेबुक मागवलं. माझ्या टेबलावर, माझ्या दौतीत टाक बुडवून शेरा लिहिला. मी उभ्या उभ्या वाचला, उलट्या बाजूनं. उलटं वाचायची सवय झाली होती मला काचांमुळं. दिवा नादुरुस्त. यंत्राची जोखीम स्त्रियांच्या हाती देऊ नये. दिवा मुलग्यांच्या शाळेत कुलपात ठेवावा.

म्हणजे दोष बाईचाच. शाळेतल्या नाहीतर घरातल्या. जो दिवा घरी घेऊन गेला, ज्यानं हात लावू दिला नाही, ज्यानं पूजा केली, तो त्या शेऱ्यात कुठंच नव्हता. त्याच्याच हातात किल्ली.

मी घोंगडी खिळ्यांसकट उपसून काढली. ती फाटली, माझ्या हाताला खिळा लागला, मला कळलंसुद्धा नाही. पोरी विचारत होत्या, "बाई, गिरनी कवा?" मी त्यांच्यावर ओरडले. त्यांचा काय गुन्हा होता? तेही मी केलं.

घरी आल्यावर आत्याबाईंनी उरलेल्या रॉकेलची बाटली कोनाड्यातनं काढून कंदिलात ओतली आणि म्हणाल्या, "लाव. आता काय राखून ठिवायचं?"

पुढच्या मंगळवारी, दुपारी, पोरी घरी गेलेल्या, मी वर्ग झाडत होते. हेडमास्तरांची बायको आली. हातात रिकामी घागर, म्हणजे पाण्याला म्हणून निघालेली. दारातच उभी राहिली.

"बाई, म्या घासला."

"माहीत आहे."

"त्यांनीच आनून टाकला वो पितळेत. म्हनले, सायेब येनार, लखलखीत झाला पायजे. म्या म्हनलं, पुढं काच हाय. तर म्हनले, काच काय घासत न्हाईत? घास म्हनतो न्हवं? मग घासला." परत म्हणाली, "म्या इचारलं हुतं बाई. काच हाय म्हनलं हुतं म्या."

तिला कळलं होतं. जिनं कधी दिवा पेटलेला बघितला नाही, तिला काच आणि पितळ यांतला फरक कळला होता. दाखला मिळालेल्या माणसाला कळला नव्हता, आणि तो म्हणत होता, बायकांना काय कळतं. मी केरसुणी हातात घेऊन तशीच उभी. मला त्याच्या घरावर चालून जावंसं वाटलं. पण गेले असते तर तिनं मला सांगितलं हे कळलं असतं.

ती म्हणाली, "गिरनीची काच तेवढी हातात द्या. दिसू न्हाईतर न दिसू. बगून जाती."

मी पेटी काढली. काच तिच्या हातात दिली आणि तिला खिडकीशी नेलं. बाहेर ऊन मरणाचं. म्हटलं, उन्हाकडं धर. तिनं धरली, ती उलटी. साचे वरनं लोंबकळत होते. मी तिचा हात धरला. दिव्यात घालताना टिकली उजव्या अंगठ्याखाली यायची. डोळ्यानं बघायचं तर तीच टिकली डाव्या अंगठ्याखाली, खालच्या कोपऱ्यात आली पाहिजे. माझीच खूण, मलाच दोनदा विचार करावा लागला.

काच फिरली आणि तळहाताएवढी गिरणी उभी राहिली. साच्यांच्या रांगा, वर पट्टे, मधे मुंगीएवढी माणसं. तिनं काच डोळ्याला एवढी जवळ नेली की पापण्या लागल्या. एकेका माणसावर थांबत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ह्यो असंल. कडंचा. त्यो कडंलाच हुबा ऱ्हातोय कुटं बी."

तो तिचा भाऊ नव्हता हो. ती काच कुठल्या मुलखात काढलेली कुणास ठाऊक. मी काच तिच्या हातात तशीच राहू दिली.

त्यानंतर मी पोरींना तसंच शिकवलं. खिडकीशी रांग लावायची, एकेकीनं काच उन्हाकडं धरायची, डावा अंगठा टिकलीवर. ढग आले की पाठ बंद. एका काचेला सगळा वर्ग व्हायला दोन दिवस लागायचे. आणि दिवा? तो मुलग्यांच्या शाळेत कपाटात. दर दसऱ्याला बाहेर काढायचे, हळदकुंकू, झेंडूचं फूल, परत कपाटात. मी रिटायर होईपर्यंत तो कधी पेटला नाही. हेडमास्तरांना पुढं आदर्श शिक्षक म्हणून शाल मिळाली. भाषणात त्यांनी सांगितलं की, आमच्या भागात चित्रांतून शिक्षण मी आणलं.

ही गोष्ट कुणाला सांगितली की लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही किती हुशारीनं मार्ग काढला. खिडकीतनं, उन्हात, वा! हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मला मार्ग काढायचा नव्हता. मला दिवा पाहिजे होता. पन्नास पोरींना एका वेळेला, भिंतीएवढी गिरणी दाखवायची होती, आणि ती दाखवता येत होती. वात कशी कापायची ते आमच्या घरात माहीत होतं. काच कशी धरायची ते मला माहीत होतं. भिंग घासायचं नसतं ते त्याच्या बायकोला माहीत होतं. किल्ली तेवढी आमच्यातल्या कुणाकडं नव्हती.

सुनेनं दाणे गोळा करून टोपल्यात भरले. म्हणाली, "आई, जाऊ द्या आता. किती वर्षं झाली."

मी म्हटलं, "उद्या तुझ्याबरोबर मी येते शाळेत. तुझ्या हेडमास्तरांना म्हणावं, सासूबाई आल्यात, त्यांना टीव्ही बघायचाय. वर्गात, पोरांबरोबर बसून. दार उघडेपर्यंत मी त्यांच्या खोलीबाहेर बसून राहीन, मला काही घाई नाही."

"अहो, लोक काय म्हणतील?"

"माझी सासू सातारला आली होती," मी म्हटलं, "तीही कोळशाच्या मोटारीतनं."